जुना संगणक, नवी डिस्क



आमच्या घरचा टेबलावरचा संगणक मी २०१४ साली घेतला. नऊ वर्षांत त्याची अशी अवस्था झाली होती की, सकाळी बटण दाबायचं, आत जाऊन चहाचं आधण ठेवायचं, चहा गाळून कप घेऊन बाहेर यायचं, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतंच आहे. कवितेची फाइल उघडेपर्यंत सुचलेली ओळ विसरून जायची. दुरुस्तीवाल्याने निकाल देऊन टाकला, 'साहेब, म्हातारा झाला. आता नवा घ्या.'

माझा भाचा शिकलाय कॉमर्स, पण त्याला या यंत्रांचा भारी नाद. त्याने दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, 'मामू, नवा घेऊ नका. याचं डोकं शाबूत आहे, फक्त पाय अधू झालेत.' डोकं म्हणजे प्रोसेसर आणि पाय म्हणजे हार्ड डिस्क. त्या रविवारी त्याने हार्ड डिस्कच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे सगळे ज्याला एसएसडी म्हणतात ती बसवली. दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवायला उठलो, तर मागे वळेपर्यंत संगणक तयार! हे कसं घडलं आणि त्या दिवशी माझ्या हातून कोणती चूक होता होता राहिली, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी हार्ड डिस्क समजून घेऊ. आपल्या पिढीने ग्रामोफोनची तबकडी पाहिली आहे. हार्ड डिस्कच्या आत तशीच गुळगुळीत तबकडी असते आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारा एक दांडा असतो. फरक एवढाच की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते आणि इथे दांड्याचं टोक तबकडीच्या वर, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर, तरंगत राहतं. ही कल्पना जुनी आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशी पहिली यंत्रणा विकायला आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तिच्यात मावत होती सुमारे ५० लाख अक्षरं. आज मोबाइलमधला एखादा फोटोसुद्धा तेवढी जागा खातो.

पुढे तबकड्या लहान झाल्या, त्यांच्यावर मावणारा मजकूर अफाट वाढला. पण फिरणं आणि सरकणं काही सुटलं नाही. घरगुती संगणकातली डिस्क बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते. ऐकायला हा वेग प्रचंड वाटतो. पण हिशेब करून पाहा. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. हवा तो मजकूर दांड्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. त्याआधी दांड्याला योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदात ही डिस्क जेमतेम ऐंशी वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन येऊ शकते. आणि संगणक सुरू होताना त्याला विखुरलेले हजारो लहान लहान तुकडे वाचायचे असतात. प्रोसेसर बिचारा हात बांधून वाट पाहत बसतो.

एसएसडीत फिरणारं किंवा सरकणारं काहीच नसतं. आपल्या पेन ड्राइव्हमध्ये आणि मोबाइलमध्ये असते त्याच जातीची, फ्लॅश नावाची स्मृती तिच्यात असते. जपानमधल्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका या संशोधकाने १९८०च्या दशकात ती शोधली. सूक्ष्म कप्प्यांमध्ये विजेचा भार कोंडून ठेवायचा, तो किती आहे यावरून मजकूर वाचायचा. वीज बंद केली तरी भार आतच राहतो, असं तिचं तंत्र आहे. इथे कुठलाही कप्पा गाठायला साधारण एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. हार्ड डिस्कच्या तुलनेत हा फरक शंभरपटीचा आहे. म्हणूनच जुन्या संगणकात एसएसडी बसवली की तो कात टाकल्यासारखा वाटतो.

अर्थात, हा प्रत्येक दुखण्यावरचा उतारा नव्हे. इंटरनेट मंद असेल तर ते मंदच राहणार. म्हणून आधी निदान करा. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक अडखळत असताना तिथे डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांच्या आसपास आणि प्रोसेसरचा मात्र पाच-दहा टक्के दिसला, तर दोष बहुधा डिस्कचा आहे. मेमरी, म्हणजे रॅम, काठोकाठ भरलेली दिसली, तर ती वाढवायला हवी. चार जीबी रॅम आज अपुरी पडते, आठ असावी.

आता खरेदीबद्दल. साधारण गेल्या पंधरा वर्षांतल्या बहुतेक टेबलावरच्या संगणकांत साटा नावाची जोडणी असते. तिची वायर बोटभरही रुंद नसते. त्याहून जुन्या यंत्रांत रुंद, चपटी पट्टी असायची. तसं असेल तर खर्च करू नये. साटा जोडणीची अडीच इंची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत मजकूर वाचते. नव्या मदरबोर्डांवर एम.टू नावाची खाच असते, तिच्यात बसणाऱ्या एनव्हीएमई जातीच्या एसएसडी याच्या कितीतरी पट वेगवान असतात. पण आपल्याला लेख लिहायचे, पत्रं पाहायची, हिशेब ठेवायचे, तर साटा एसएसडीनेही पडलेला फरक डोळ्यांत भरतो. क्षमता ५०० जीबी पुरे. टेबलावरच्या संगणकाचा फायदा असा की आत जागा असते. जुनी डिस्क धडधाकट असेल तर ती काढायची गरज नाही, फोटो आणि गाणी तिच्यावर राहू देत. एक सावधगिरी घ्या. अफाट क्षमता आणि किरकोळ किंमत अशी जाहिरात दिसली की समजावं, माल बनावट आहे. बिल आणि वॉरंटी देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

बसवणं खरोखर सोपं आहे. संगणक बंद करायचा, भिंतीतला प्लग काढायचा, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. मग दोन वायरी जोडायच्या, एक मजकुराची, दुसरी विजेची. दोन्हींची तोंडं एकाच बाजूने बसतात, जोर लावू नये. एसएसडी हलकी असते, आत काही फिरत नाही, त्यामुळे ती आडवी बसवा की उभी, काही बिघडत नाही.

खरा प्रश्न यानंतरचा आहे. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवायची, ज्याला क्लोन म्हणतात, की विंडोज नव्याने टाकायचं? नक्कल सोपी, सगळं जिथल्या तिथे मिळतं. पण नऊ वर्षांचा कचराही सोबत येतो. आम्ही नव्याने टाकायचं ठरवलं. आणि इथेच माझी चूक होता होता राहिली.

माझी अम्मी २०१६ साली गेली. त्याआधीच्या दोन हिवाळ्यांत मी तिच्याकडून लग्नातली, पाळण्याची, जात्यावरची गाणी उतरवून घेतली होती. काही दखनीत, काही चक्क मराठी ओव्या. तिला लिहिता येत नव्हतं. सगळं एका फाइलमध्ये होतं, आणि ती फाइल मी भाच्याला सांगून पेन ड्राइव्हवर घेतली होती. झालं काम, असं समजून मी म्हणालो, 'जुनी डिस्क पुसून टाक, फोटो ठेवू तिच्यावर.' तो म्हणाला, 'थांबा मामू, आधी फाइल उघडून तर बघा.'

उघडली. अम्मीच्या गाण्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची चिन्हं! पानंच्या पानं. माझ्या हातापायांतलं बळ गेलं.

कारण साधं होतं. माझ्या वयाच्या बहुतेक मराठी लेखकांनी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टायपिंग केलेलं आहे. त्या फॉन्टची युक्ती अशी की संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फॉन्ट त्याला फक्त मराठीचा अंगरखा घालतो. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नव्हता. अंगरखा जुन्या डिस्कवरच राहिला होता, सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्स नावाच्या कप्प्यात. डिस्क पुसली असती, तर त्याच जातीचा फॉन्ट शोधत मला दारोदार फिरावं लागलं असतं. भाच्याने तो तिथून उचलून आणला आणि पडद्यावर अम्मी पुन्हा बोलू लागली. नंतर मी ती फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित केली. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात, म्हणून एकेक ओळ पुन्हा वाचून तपासली. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे. आपणच उशीर केला, दुसरं काय!

म्हणून माझं सांगणं असं. डिस्क बदलण्याआधी सगळा मजकूर दोन ठिकाणी उतरवून घ्या. नुसता डी ड्राइव्ह घेऊन भागत नाही. डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेलं सगळं बहुधा सी ड्राइव्हवर असतं. मराठीचे जुने फॉन्ट आठवणीने घ्या. उतरवलेल्या फाइली उघडून पाहा. आणि जुनी डिस्क किमान महिनाभर पुसू नका. तिच्यातून टक-टक असा आवाज येत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी मजकूर काढून घ्या.

एसएसडीचीही स्वतःची तऱ्हा आहे. तिच्यावर लिहिण्याला मर्यादा असते. शाळेतल्या पाटीवर एक ओळ बदलायची तर तेवढीच पुसता येते. इथे मात्र पुसायचा तर आख्खा भाग एकदम पुसावा लागतो, आणि पुसून पुसून कप्पे झिजतात. पण घाबरू नका. ५०० जीबीच्या एखाद्या एसएसडीला कंपनी ३०० टीबी लिखाणाची हमी देते. रोज २० जीबी लिहिलं तरी त्याला एकेचाळीस वर्षं लागतील. पूर्वी हार्ड डिस्कवर डीफ्रॅगमेंट करायचो, ते इथे करू नये. उपयोग नाही, उलट झीज होते. थोडी जागा नेहमी मोकळी ठेवावी. आणि हे पक्कं लक्षात ठेवावं की हार्ड डिस्क पुष्कळदा कुरकुर करून मरते, एसएसडी बहुधा काही न सांगता जाते. तिच्यावरून पुसलेलं परत मिळणंही फार कठीण. म्हणून मजकुराची दुसरी प्रत हवीच. वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायला तर ती मुळीच योग्य नाही.

आता एक नवी अडचण. विंडोज १०ला मिळणारं नेहमीचं मोफत संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही. एसएसडी हे दुखणं बरं करू शकत नाही. अशा यंत्रावर लिनक्स टाकता येतं. ते मोफत आहे आणि मराठी युनिकोड त्यावर उत्तम चालतं. माझ्या संगणकावर आता तेच आहे. चालतं यंत्र केवळ मंद झालं म्हणून भंगारात जाऊ नये, असं मला वाटतं. आणि द्यायचंच झालं, तर डिस्क काढून घेऊन, ई-कचरा अधिकृतपणे गोळा करणाऱ्यांकडेच द्यावं.

अम्मीच्या गाण्यांची आता तीन ठिकाणी प्रत आहे. एक एसएसडीवर, एक जुन्या हार्ड डिस्कवर, आणि एक कागदावर छापून लोखंडी ट्रंकेत. भाचा त्या तिसऱ्या प्रतीला हसतो. हसू दे. ट्रंक उघडायला बटण दाबावं लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)