झाडाचा सातबारा
बाबांच्या सलाइनमधून सुरू झालेला शोध दापोडी, कोल्हापूर करत थेट दाजीपूरच्या जंगलात पोचला, त्याची गोष्ट!

मेट्रोत ‘पुढील स्थानक दापोडी’ असं ऐकलं की मी मोबाइलमधून डोकं वर काढते. घर शिवाजीनगरला, ऑफिस चिंचवडला, म्हणजे हे रोज दोनदा. बाहेर बघण्यासारखं खरं तर काहीच नसतं. पत्र्याची छपरं, पाण्याच्या टाक्या, होर्डिंग्ज... पण याच दापोडीत एकेकाळी मुंबई सरकारची बोटॅनिकल गार्डन होती, हे कळल्यापासून मान आपोआप खिडकीकडे वळते.

आता मी काही झाडाबिडांतली नाही. बाल्कनीत तीन सक्युलंट्स आणि एक मनीप्लँट, एवढाच आपला निसर्ग! या भानगडीत मी शिरले ती बाबांच्या सलाइनच्या बाटलीमुळे.

तीन वर्षांपूर्वी बाबांना आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमोची पहिली फेरी झाली, वर्षभराने स्कॅनमध्ये पुन्हा काहीतरी दिसलं. मग दुसरं औषध सुरू झालं, इरिनोटेकॅन. दर पंधरा दिवसांनी डे-केअरच्या त्या मागे रेलणाऱ्या खुर्चीत बाबा आणि शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन मी. वर्क फ्रॉम हॉस्पिटल! त्या औषधाने पोट इतकं बिघडतं की विचारू नका. तर अशाच एका दुपारी कॉल म्यूटवर टाकून मी बाटलीवरचं नाव गूगल केलं. वाटलं होतं, कुठल्या तरी लॅबमध्ये शून्यातून बनवलेलं केमिकल असेल. निघालं झाड!

गोष्ट अशी. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी (वाणी आपल्या मुंबई विद्यापीठातून शिकलेले) एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. पेशी दुप्पट होताना तिच्या डीएनएचा पीळ सैल करणारं एक एन्झाइम असतं, त्याला हे द्रव्य नेमकं जागेवर अडकवतं. भराभर वाढणारी कॅन्सरची पेशी मग तिथेच अडखळते. नुसतं कॅम्प्टोथेसिन माणसाला झेपेना, म्हणून त्यात थोडे बदल करून दोन औषधं तयार झाली, टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन. दोन्हींना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. सुरुवात मात्र अजूनही झाडापासूनच होते.

आणि ते फक्त चिनी झाडात नाही. १९७२ साली तेच द्रव्य भारतातल्या एका झाडात सापडलं. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. राहणार सह्याद्री. मराठी नाव...

‘‘नरक्या,’’ मी स्क्रीनवरून मोठ्याने वाचलं.

बाबांनी डोळे उघडले. ‘‘ते घाण वासाचं झाड?’’

बाबांचं गाव राधानगरीच्या वर, दाजीपूरच्या अंगाला. नरक्याच्या फुलांना असा वास येतो की नाव कसं पडलं हे वेगळं सांगायला नको. जळणाला नको, फर्निचरला नको, असलं हे बिनकामाचं झाड. मग नव्वदीच्या दशकात एका वर्षी गणपतीला बाबा गावी गेले, तर ओढ्याकाठी ट्रक उभा. ‘‘आपल्या सदाअण्णानंच तोडून घातलंय की! किलोवर पैसे देत होते. कशाला पाहिजे म्हणून विचारलं, तर मुंबईला जातंय म्हणाले. आम्ही हसलो. म्हटलं, मुंबईकरांना वासाची काय कमी हाय?’’

हसलो आम्ही दोघंही. मग बाबा बराच वेळ थेंब थेंब पडणाऱ्या नळीकडे बघत बसले.

सह्याद्रीत त्या दोन दशकांत हा प्रकार ठिकठिकाणी झाला. झाड समूळ तोडायचं, लाकडाच्या चिपा करायच्या, गोण्या भरायच्या. बाबांच्या बाटलीतलं औषध चिनी झाडाचं की आमच्या ओढ्याकाठचं, ते लेबलवर लिहिलेलं नसतं. पण हे झाड आता कुणी सांभाळतंय का, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडेना.

पाटी लावली, झाली बाग?

आपल्याकडे ‘औषधी वनस्पती उद्यान’ हा एक ठरलेला आयटम असतो. कुणातरी मान्यवरांच्या हस्ते फीत कापली जाते. आत तुळस, अडुळसा, कोरफड, गवती चहा. मध्ये सिमेंटची झोपडी आणि हल्ली एक सेल्फी पॉइंट. दोन उन्हाळ्यांनंतर कोरफड तेवढी उरते. माझा तुळशीवर राग नाही, पण तुळस घराघरांत आहे. तिला वाचवायला सरकारी जमीन कशाला?

खरी बोटॅनिकल गार्डन वेगळी असते, हे मला पहिल्यांदा दापोडीच्या इतिहासाने शिकवलं. १८२८ साली सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना ती सुरू झाली. १८३८ मध्ये अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर तिचा प्रमुख झाला. लष्कराच्या दवाखान्यांना लागणारी औषधं इंग्लंडहून आणण्यापेक्षा इथेच पिकवा, असा त्यामागचा हिशेबी विचार. जुन्नरच्या बाजूला याच बागेची एक शाखाही होती. पण गिब्सन नुसतं पिकवत नव्हता. त्याने एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून १८४७ ते १८५० या काळात तिथल्या झाडांची शंभराहून जास्त चित्रं काढून घेतली. पान न् पान, पाकळी न् पाकळी!

१८६५ मध्ये बाग बंद झाली. चित्रं आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत, तिथल्या हेन्री नोल्टींनी २००२ साली त्यांच्यावर देखणं पुस्तकही काढलं. चित्रकाराचं नाव मात्र कुठे नोंदलेलं नाही. म्हणजे झाडं गेली, माणूस विसरला गेला आणि कागद परदेशात नीट जपून ठेवले! दापोडीनंतर १८७३ मध्ये गणेशखिंडीत बाग उभी राहिली. २०२० साली तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, हे त्यातल्या त्यात बरं. मुंबईच्या राणीच्या बागेचं तर बोलायलाच नको. १८६२ची बोटॅनिकल गार्डन ती, पण आपण जातो पेंग्विन बघायला. (मीही गेले आहे. दोनदा.)

चलो कोल्हापूर!

बाबांचे रिपोर्ट स्थिर आल्यावर डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं. गावी जायचंच होतं. मी म्हटलं, वाटेत एक ठिकाण बघू. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाची बाग. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तिला ‘लीड बोटॅनिकल गार्डन’ म्हणून मान्यता दिलेली आहे. म्हणजे आपल्या प्रदेशातल्या, विशेषतः पश्चिम घाटातल्या दुर्मीळ झाडांची जबाबदारी घेणारी बाग.

फोन करून, परवानगी काढून गेलो. ऑगस्टचा महिना, बारीक पाऊस. मला वाटलं होतं लॉन असेल, कारंजी असतील. एका संशोधक मुलाने आम्हाला नेलं ते सरळ हिरव्या जाळीखालच्या कुंड्यांकडे. कुंडीत एक वेल, वेलीला बोटभर लांब, मधूनच फुगलेलं, टोकाला कंदिलासारखं मिटलेलं फूल. सेरोपेजिया, म्हणजे आपलं कंदीलपुष्प. याची गंमत ऐका. वासाने चिलटं आत शिरतात, नळीत खालच्या दिशेने वळलेले केस असतात, त्यामुळे परतीची वाट बंद. फूल जुनं होऊन केस कोमेजले की सुटका, तीही अंगावर पराग घेऊन. शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग लावणाऱ्या बॉसची आठवण झाली!

‘‘ही तर खरपुडी,’’ बाबा म्हणाले. ‘‘गुरं राखताना कांदं उकरून खाल्लेत आम्ही.’’

तो मुलगा हसला. म्हणाला, कंद चविष्ट आहेत हीच तर अडचण! गुराखी, रानडुकरं, साळिंदरं, सगळ्यांनाच आवडतात. यातल्या कित्येक जाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच. अंजनेरीच्या डोंगरावरची सेरोपेजिया अंजनेरिका ही जात तर शास्त्राला २००६ सालीच कळली. तिला नाव देणाऱ्यांत इथलेच प्रा. श्रीरंग यादव होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं सडे, कडे आणि घाट पायी तुडवले. ही बाग जमते ती त्या पायपिटीवर. जमीन आणि कुंपण तर कुणीही देऊ शकतं. झाड ओळखणारा माणूस मिळत नाही.

बाबा मात्र अडकले होते रजिस्टरपाशी. झाड कुठल्या गावच्या हद्दीतून आलं, किती उंचीवरून, कुठल्या तारखेला, बी आणलं की फांदी, कुणी आणलं... बोटॅनिकल गार्डनमधल्या प्रत्येक झाडामागे अशी नोंद लागते. बाबांची सगळी नोकरी तलाठ्याची. ते एकदम खुलले. ‘‘अरे, हा तर झाडाचा सातबारा!’’

नोंद का हवी, तेही सांगते, कारण मला स्वतःला हे सगळ्यात शेवटी कळलं. माझा समज असा, की नरक्याचं एक झाड बागेत लावलं, पाटी ठोकली, की नरक्या वाचला. पण पश्चिम घाटातल्या नरक्यांची तपासणी झाली तेव्हा दिसलं, की झाडागणिक कॅम्प्टोथेसिनचं प्रमाण वेगळं असतं. काही झाडांत अगदी थोडं, काहींत भरपूर. म्हणजे एका डोंगरावरचे नरक्या संपले तर नुसती संख्या कमी होत नाही. कदाचित सगळ्यात गुणी झाडच त्यात गेलेलं असतं आणि ते आपल्याला कधी कळणारही नाही. म्हणून बागेला एक झाड पुरत नाही. अंबोलीचं वेगळं, महाबळेश्वरचं वेगळं, राधानगरीचं वेगळं हवं, आणि कोणतं कुठलं हे पन्नास वर्षांनीही सांगता यायला हवं. आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको, की लेबल नसलेला बॅकअप हा बॅकअप नसतो!

आणि हो, मूळ जंगल टिकलं नाही तर ही बाग म्हणजे नुसता अल्बम, हेही तो मुलगा दोनदा म्हणाला. पण जंगलात सगळं तुटत असताना दुसरी प्रत कुठेतरी हवी, आणि ती त्याच हवापाण्यात, जिल्ह्याजिल्ह्यात हवी. कोकणातलं झाड मराठवाड्याच्या उन्हात कसं जगवणार?

हे जमतं का? जमतं. शिवनेरी-जुन्नर भागातल्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची एक मांसल वनस्पती आहे, फ्रेरिया इंडिका. १८६०च्या दशकात डाल्झेलने ती जगापुढे आणली. हा डाल्झेल गिब्सनचा जोडीदार, दोघांनी मिळून १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ लिहिली. पुढे शिंदळ माकुडी जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींच्या यादीत गेली. पण फांदीपासून ती सहज रुजते. मग अभ्यासकांनी रोपं वाढवली, काही पुन्हा कड्यांवर लावली. लालसर तपकिरी, पिवळे ठिपके असलेलं तिचं चांदणीसारखं फूल इतकं देखणं असतं, की परदेशातले सक्युलंटवाले तिच्यावर जीव टाकतात. आणि मी? मेक्सिकोची सक्युलंट्स ऑनलाइन मागवत होते! (बाल्कनीसाठी हवीच असेल तर नर्सरीत वाढवलेली घ्या. किल्ल्यावरून उपटून आणलीत, तर आपलं काही नातं नाही.)

ओढ्याकाठी

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. सदाअण्णा आता नाहीत. त्यांचा मुलगा आम्हाला ओढ्यापर्यंत घेऊन गेला. जळवा पायाला लागत होत्या, बाबांना दर पन्नास पावलांवर थांबावं लागत होतं. मी दोनदा म्हटलं, ‘‘बाबा, परत फिरू या.’’ त्यांनी ऐकलं नाही.

आधी वास आला. मग दिसला. गुडघ्याएवढा, कधीचा तोडलेला बुंधा, त्यावर शेवाळ, आणि त्यातूनच वर गेलेले मनगटाएवढे चार फुटवे. टोकाला पांढरट, बारीक फुलांचे झुपके.

‘‘एखादं रोप कोल्हापूरला नेऊन देऊ की,’’ पुतण्या म्हणाला. विद्यापीठातल्या त्या मुलाने आधीच बजावलं होतं, जंगलातून वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. ठिकाण मात्र कळवा.

बाबा दगडावर बसले. खिशातून डायरी काढली, छत्री मला धरायला लावली आणि तलाठ्याच्या त्या वळणदार अक्षरात लिहायला लागले. तारीख. मौजे अमुक. ओढ्याची उजवी बाजू, जुन्या पायवाटेपासून अंदाजे चाळीस पावलं. नरक्या, जुना बुंधा एक, फुटवे चार, फुलावर.

मग थांबून पुतण्याला विचारलं, ‘‘वर अजून किती हायत रं?’’