सूट मिळूनही नौका किनाऱ्यावर का राहिल्या?

कोविड-१९ च्या प्रादुर्भावामुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मासेमारी नौका बंदरांत नांगरून पडल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाने १० एप्रिल रोजी सागरी मासेमारी, मत्स्यप्रक्रिया, शीतसाखळी व विक्री यांना सूट दिली. तथापि, समुद्रात परतण्याबाबत नौकामालकांत एकमत नव्हते.

यामागे व्यवसायाचे गणित होते. ट्रॉलर एका फेरीत अनेक दिवस समुद्रात राहतो. डिझेल, बर्फ व शिधा यांचा खर्च आधीच करावा लागतो. निर्यात मंदावलेली, हॉटेले बंद, त्यातच परराज्यांतील अनेक खलाशी गावी परतलेले. दाटीच्या नौकेवर अंतर राखणेही कठीण. त्यामुळे मोठ्या नौकांच्या मालकांना थांबणे कमी तोट्याचे वाटत होते. लहान होडीवर मात्र दोन-तीन माणसे, बहुधा घरचीच. मासळी जवळच विकली जाते आणि त्यावरच चूल पेटते.

दुसरा मतभेद पावसाळी बंदीचा होता. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी केंद्राने त्या वर्षापुरती १५ जूनपासून, म्हणजे ४७ दिवसांची केली. बुडालेले दिवस यातून काही अंशी भरून निघणार होते. परंतु हा काळ अनेक माशांच्या प्रजननाचा असतो. तेव्हा जाळी टाकल्यास पुढील हंगामाची मासळी घटते आणि त्याची झळ लहान-मोठ्या सर्वच नौकांना बसते.