मोठी होडी घेण्यापूर्वी

नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला अर्पण झाला, की आमच्या कोकणपट्टीत दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. पहिलं बोलणं उघड्यावर, बंदरावर चालतं: यंदा पापलेट लागेल का, कोळंबीला भाव काय राहील. दुसरं बोलणं रात्री जेवणं आटोपल्यावर, घरात, हलक्या आवाजात होतं. ‘यंदा होडी मोठी करायची का?’ हा त्याचा विषय असतो. दोन सिलिंडरची आहे, सहा सिलिंडरची घेऊ या. शेजाऱ्यानं घेतली, आपण का मागे राहावं? बायकांच्या अंगावरचे दागिने, घराखालची जागा, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे, सारं या एका प्रश्नाभोवती फिरू लागतं.

देशावरच्या वाचकांना हा विषय परका वाटेल. पण बैलजोडी विकून ट्रॅक्टर घ्यावा की नाही, हा प्रश्न ज्यांच्या घरात कधी निघाला असेल, त्यांना तो फार परका नाही. साधन मोठं करताना हिशेब कसा मांडावा, एवढंच मला सांगायचं आहे. होडी हे त्याचं उदाहरण. आणि ते मी पुस्तकातून नव्हे, घरातून घेतलं आहे.

माझ्या वडिलांनी १९९३ साली आमची तीस फुटी होडी विकून पंचेचाळीस फुटी नौका बांधून घेतली. गावात पेढे वाटले. पहिल्या हंगामात मासळीही चांगली लागली. पण आमच्या खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीला तिथं जेमतेम कमरेएवढं पाणी राहतं. जुनी होडी त्यावरून अंग चोरून आत यायची. नवी नौका मासळीनं भरली, की तिचं बूड वाळूला टेके. मग बाहेर नांगर टाकून भरतीची वाट पाहायची. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचं अंतर. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते. लिलाव मात्र आपल्या वेळेलाच व्हायचा. मासळी तीच, कष्ट तेच. पण पहाटेचा भाव हुकला की दुपारचा पदरी पडे. चार वर्षांत नौका विकावी लागली. त्या नौकेनं मला कॉलेजात पाठवलं, असं लोक कौतुकानं म्हणतात. खरं तर घरात कुणी समुद्रावर जावं असं काही तिनं मागं ठेवलंच नाही.

वडील अडाणी नव्हते. समुद्राची त्यांची जाण मोठ्या तांडेलाची होती. त्यांनी होडीची लांबी पाहिली, किंमत पाहिली. लांबीबरोबर आणखी काय काय वाढतं, हे मात्र मोजलं नाही.

आता पहा, तीस फुटांची होडी पंचेचाळीस फुटांची झाली, म्हणजे लांबी दीडपट झाली. आपल्या मनात येतं, खर्च दीडपट आणि मिळकतही दीडपट. इथंच चूक होते. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. लाकडाचे किंवा मातीचे सारखे लहान ठोकळे घ्या. दोन ठोकळे लांब, दोन रुंद, दोन उंच असा एक घन रचा. त्याला आठ ठोकळे लागतील. आता तीन लांब, तीन रुंद, तीन उंच असा दुसरा रचा. त्याला सत्तावीस लागतील. बाजू दीडच पट झाली, पण ठोकळे आठाचे सत्तावीस झाले, म्हणजे तिपटीहून अधिक. होडीचंही तसंच आहे. लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही त्याच प्रमाणात वाढली, तर ती पाण्यात जो भार ढकलते तो सव्वातीन पटींहून अधिक होतो. रंग लावायचं अंग सव्वादोन पट होतं. तीन फूट बुडणारी होडी साडेचार फूट बुडू लागते. आमच्या वाळूच्या दांड्याला हे गणित ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं.

‘पण मोठी होडी वेगानं धावेल की!’ असं तुम्ही म्हणाल. धावेल, पण किती? पाणी कापत जाणारी होडी आपल्या नाळेपाशी एक लाट उठवते. वेग वाढतो तसतशी ही लाट लांब होत जाते. तिची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली, की होडी आपल्याच लाटेच्या उतारावर अडकते. पुढं जायचं तर तिला लाटेचा चढ चढावा लागतो. त्यानंतर इंजिन कितीही ओरडलं तरी डिझेल जळतं, वेग फारसा वाढत नाही. ही मर्यादा काढण्याचा एक ढोबळ नियम आहे. पाण्याच्या रेषेवर होडीची जी लांबी भरेल ती फुटांत घ्यावी, तिचं वर्गमूळ काढावं आणि त्याला १.३४ नं गुणावं. तासाला तेवढे सागरी मैल. तीस फुटांना उत्तर येतं सुमारे ७.३ आणि पंचेचाळीस फुटांना सुमारे ९. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. समजा, वीस सागरी मैलांवर मासळी आहे. जुन्या होडीला तिथं पोचायला पावणेतीन तास लागत असतील, तर नवीला सव्वादोन. भार तिप्पट झाला आणि वाचला अर्धा तास! पाण्यावर उसळत धावणाऱ्या हलक्या फायबरच्या होड्यांचा हिशेब निराळा आहे. मी बोलतो आहे ते बर्फ, जाळी आणि मासळी वाहणाऱ्या नौकेबद्दल.

आता डिझेलकडे वळू. डिझेल इंजिन पूर्ण भारावर चालताना एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे पाव लिटरच्या आतबाहेर तेल पितं. चांगल्या इंजिनाला पाव लिटरहून थोडं कमी लागतं. आपण ०.२ लिटर धरू. चाळीस अश्वशक्तीला तासाला आठ लिटर, एकशेवीसला चोवीस. ट्रॉलिंग करणाऱ्या नौकेचं इंजिन जाळं ओढतानाही चालूच असतं, हे विसरू नका. आपल्या फेरीत इंजिन किती तास चालतं त्यानं गुणा, आणि पंपावरच्या आजच्या दरानं पुन्हा गुणा. समोर येणारा आकडा मासळी मिळो न मिळो, द्यावाच लागतो. इथंच एक उपयोगी गोष्ट सांगून ठेवतो. होडी तीच ठेवून वेग दहा टक्क्यांनी कमी केला, तर इंजिनावरचा भार साधारण सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. पोचायला थोडा अधिक वेळ लागतो, तो धरूनही त्या वाटेवरचं जवळजवळ एक पंचमांश तेल वाचतं. यासाठी नवी नौका लागत नाही. तांडेलाचा संयम लागतो.

नौका मोठी झाली, की माणसांचा हिशेबही बदलतो. सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्या होडीवर घरची चार माणसं पुरतात. पाच-सहा दिवस बाहेर राहणाऱ्या नौकेला परके खलाशी आणि त्यांचा शिधा लागतो. हंगामाआधी त्यांना उचलही द्यावी लागते. रत्नागिरीकडच्या मोठ्या नौकांवर नेपाळहून आलेले खलाशी आज सहज दिसतात. मासळी कमी आली तर घरचा माणूस वाटा कमी घेतो. उचल घेतलेल्या परक्या माणसाला तसं सांगता येत नाही.

होडी एकटी मोठी होत नाही, हे आपल्या देशात सत्तर वर्षांपूर्वीच दिसून आलं आहे. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथं मच्छीमारांसाठी प्रकल्प सुरू झाला. आधी गावच्या होड्यांनाच इंजिन बसवून पाहिलं. त्या होड्या इंजिनासाठी घडवलेल्याच नव्हत्या, जम बसेना. मग नव्या घडणीच्या होड्या बांधल्या. पण त्यांच्याबरोबर बर्फाचा कारखानाही आला आणि दुरुस्तीची शाळाही आली. ज्या बंदरावर बर्फ नाही, मिस्त्री नाही आणि खोल पाणी नाही, तिथं नुसती नौका मोठी करणं म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोठा पंप बसवणं.

आणि समुद्र? तो तर आपल्या कर्जाबरोबर मोठा होत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१८ साली २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ साली ती २.०१ लाख टनांवर आली. त्याच वर्षी ऐन हंगामात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात उठली आणि होड्या बंदरातच बांधून ठेवाव्या लागल्या. बँकेच्या हप्त्याला वादळाची सुट्टी नसते. एरवीसुद्धा १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मिळकत दहा महिन्यांची, हप्ते बारा महिन्यांचे, हे लिहून मग कर्जाच्या कागदावर सही करावी.

इतकं ऐकून तुम्हाला वाटेल, हे गृहस्थ मोठ्या होडीच्या विरुद्धच आहेत. तसं नाही. तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा चुलत भाऊ हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आला. नौका बांधणाऱ्याला बयाणा द्यायचं ठरलं होतं. काकूची जागा गहाण पडायची होती.

“दादा, तू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतोस ना? मग सांग, घेऊ का नको?”

मी म्हटलं, “मी कोण सांगणार? तुझी वही सांगेल.”

“माझी कसली वही?”

तेव्हा आम्ही दोघांनी शंभर पानी वही आणून तिच्यात रकाने आखले. तारीख, इंजिन किती तास चाललं, डिझेल किती लिटर, बर्फ किती, शिधा किती, मासळी किती किलो, भाव काय मिळाला. आणि शेवटचा रकाना, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: ‘परत का आलो?’ खण भरला म्हणून आलो? बर्फ वितळला म्हणून? डिझेल संपलं म्हणून? वारा सुटला म्हणून? की मासळीच मिळेना म्हणून?

या एका रकान्यात निर्णय दडलेला असतो. खण भरला म्हणून वारंवार परतत असाल, तर मोठ्या नौकेचा विचार जरूर करा. मासळी मिळेना म्हणून परतत असाल, तर मोठी नौका तुम्हाला अधिक दूर नेईल आणि अधिक खर्च करून तशीच रिकामी परत आणील.

भावानं एक हंगाम वही नेमानं भरली. खण भरून परतल्याची नोंद क्वचित होती. पान उलटावं तिथं एकच शब्द: बर्फ. मग आम्ही बर्फाचा हिशेब केला. एक किलो मासळी तीस अंशांवरून शून्य अंशापर्यंत थंड करायला सुमारे एक तृतीयांश किलो बर्फ पुरतो. आपल्याकडे मात्र किलोला किलो बर्फ न्यावा लागतो. कारण उरलेला बर्फ खणाच्या फळ्यांतून शिरणाऱ्या उन्हाशी झुंजण्यातच संपतो. म्हणजे दोष होडीच्या लांबीत नव्हता, खणाच्या भिंतीत होता. त्यानं खणाला आतून उष्णता अडवणाऱ्या फोमचा जाड थर बसवून घेतला आणि वरून फायबरचं अस्तर दिलं. बयाणा दिला नाही. काकूची जागा गहाण पडली नाही.

पण वही त्यानं थांबवली नाही. बर्फ टिकू लागल्यावर फेरी लांबली, आणि गेल्या हंगामात शेवटच्या रकान्यात नवा शब्द वरचेवर येऊ लागला: खण भरला. आता तो पुन्हा मोठ्या नौकेचं बोलतो आहे. पण पंचेचाळीस फुटी नव्हे, छत्तीस फुटी. गेल्या उधाणाच्या ओहोटीला तो बांबू घेऊन दांड्यावर उतरला आणि पाणी मोजून आला. हव्या त्या जाळ्याचा परवाना नव्या नौकेला मिळेल का, हे मत्स्यव्यवसाय खात्यात विचारून झालं. डिझेलवरच्या करसवलतीचे नियम सहकारी संस्थेतून समजून घेतले. भागीत कोण येणार, हे दोन सख्ख्या भावांशी बोलून ठरतं आहे. कर्ज घ्यावंच लागेल. पण ते कोणत्या फेऱ्यांतून फिटणार, हे त्याला दाखवता येतं.

किनाऱ्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या वर्गात होडीवाल्यांची मुलं असतील. त्यांना वर्गमूळ आणि घनफळ शिकवताना फळ्यावर होडी काढा. घरच्या होडीची ही वही भरायचं काम सातवी-आठवीच्या मुलामुलींना सहज जमेल. १९९३ साली मी तेरा वर्षांचा होतो आणि मला घनफळ येत होतं. ते होडीला लावून पाहायचं असतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.