तज्ञांची आरोग्यविषयक स्वयंसेवा : जुन्नर व आंबेगाव तालुके

एखाद्या प्रदेशात नव्याने अथवा हंगामापुरत्या आलेल्या लोकांना तेथील विशिष्ट धोके, रोग व उपचारांच्या सोयी यांची माहिती नसते. वैद्य, प्राणिशास्त्रज्ञ, पशुवैद्य, परिचारिका इ. जाणकारांनी आपले ज्ञान मोबदला न घेता अशा लोकांपर्यंत पोहोचविणे, यास तज्ञांची आरोग्यविषयक स्वयंसेवा म्हणता येईल. औषधवाटप किंवा रोगनिदान शिबिर हा तिचा एक भाग असला, तरी संकट येण्यापूर्वी काय करावे आणि आल्यावर पहिल्या तासात काय करावे, हे समजावून देणे हा तिचा गाभा होय. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत सर्पदंश आणि बिबट्याचे हल्ले या दोन प्रश्नांच्या निमित्ताने अशा कार्याची उपयुक्तता विशेष स्पष्ट झाली आहे.

प्रदेश व स्थलांतर : या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांचा, अतिपर्जन्याचा व प्रामुख्याने महादेव कोळी, ठाकर व कातकरी या जमातींच्या वस्तीचा आहे, पूर्व भाग तुलनेने सपाट व कोरडा आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या पाच धरणांमुळे पूर्व भागात बारमाही सिंचन आले आणि ऊस, द्राक्षे, टोमॅटो व भाजीपाला यांची लागवड वाढली. जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगर येथे विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यात पारगाव येथे भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. परिणामी दोन प्रकारचे स्थलांतरित येथे येतात. पहिला वर्ग ऊसतोडणी कामगारांचा. दिवाळीच्या सुमारास मराठवाडा व उत्तर महाराष्ट्र यांतील कोरडवाहू तालुक्यांतून ही कुटुंबे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या परिसरात राहतात. दुसरा वर्ग याच तालुक्यांच्या डोंगराळ भागातून नारायणगाव, मंचर यांसारख्या बाजारपेठांच्या गावांकडे मजुरीसाठी उतरणाऱ्या आदिवासींचा. हे लोक जिल्ह्याबाहेरचे नसले, तरी बागायती पट्ट्यातील राहणीमान व धोके त्यांनाही बहुतांशी नवेच असतात.

नवखेपणाचे स्वरूप : ऊसतोडीत पतिपत्नींची जोडी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली ‘उचल’ कामातून फेडावयाची असते आणि गैरहजेरीबद्दल ‘खाडा’ म्हणून कपात होते. त्यामुळे आजारपणात दवाखान्यात जाणे म्हणजे मजुरी बुडणे व वर कपात सोसणे असा दुहेरी तोटा ठरतो. राहण्याची जागा म्हणजे पाचट, बांबू व प्लॅस्टिक यांची कोपी. ती शेताच्या कडेला किंवा मोकळ्या माळावर असते. निजणे जमिनीवर, तोड पहाटेच्या अंधारात आणि गाडी भरणे पुष्कळदा रात्री, असा दिनक्रम असतो. अंगणवाडी, लसीकरण व गरोदर स्त्रियांची तपासणी यांच्या नोंदी मूळ गावी राहतात. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे, रात्री वाहन कोठून मिळते, हे ठाऊक नसते. अशा परिस्थितीत एखादा साधा अपघातही जिवावर बेततो, तो पुष्कळदा दुखण्याच्या गांभीर्यामुळे नव्हे, तर वाया गेलेल्या वेळामुळे.

सर्पदंश : उसाच्या शेतात उंदीर विपुल असतात व त्यांमागे साप येतात. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप वैद्यकीय दृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे मानले जातात. नाग व मण्यार यांच्या विषाचा परिणाम मुख्यतः मज्जासंस्थेवर, तर घोणस व फुरसे यांच्या विषाचा परिणाम रक्त गोठण्याच्या क्रियेवर होतो. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. मण्यार रात्री वावरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करते. हा दंश पुष्कळदा वेदनारहित असतो व त्याची खूण दिसतेच असे नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या जड होणे, गिळता न येणे व पुढे श्वास मंदावणे असा क्रम असतो. पोटदुखी म्हणून घरगुती उपायांत वेळ गेला, तर रोगी दगावतो. कोपीत निजणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हीच माहिती सर्वांत मोलाची होय.

नारायणगाव येथे वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांबरोबरच त्याविषयीच्या लोकशिक्षणास वाहून घेतले आहे. सर्पदंशाने या परिसरात एकही मृत्यू होऊ नये, हे उद्दिष्ट त्यांनी पुढे ठेवले. सापांची ओळख, प्रथमोपचार व रुग्णालयात पोहोचण्याची निकड या विषयांवर ते व्याख्याने देत आले आहेत. या शिक्षणाचा आशय थोडक्यात असा : रोग्यास धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला हात किंवा पाय फळकुटाच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत, आवळपट्टी बांधू नये, जखम कापू अथवा चोखू नये, मांत्रिकाकडे अथवा झाडपाल्यात वेळ घालवू नये, साप मारण्याच्या वा पकडण्याच्या नादी लागू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ती येण्यास विलंब होणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे.

विषावर प्रतिसर्पविष हे एकमेव निश्चित औषध आहे. चारही सापांचे विष अल्प प्रमाणात घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढून ते बनवितात. महाराष्ट्रात मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या निर्मितीशी दीर्घकाळ निगडित आहे. लहान मुलास व प्रौढास औषधाची मात्रा सारखीच द्यावी लागते, कारण सापाने सोडलेले विष देहाच्या आकारमानानुसार कमी होत नाही. रक्तावर परिणाम झाला आहे किंवा नाही हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा खेड्यातील दवाखान्यातही करता येते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत सु. २ मिलि. रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलविता ठेवतात. त्यानंतर नळी तिरपी केल्यावर रक्त वाहिले, तर ते गोठलेले नाही, असे समजते. मण्यारीच्या दंशात प्रतिविषाबरोबरच कृत्रिम श्वसनाची सोय असावी लागते. सह्याद्रीतील चापडा या सापाच्या विषावर मात्र हे चतुर्गुणी प्रतिविष उपयोगी पडत नाही. म्हणून डोंगराळ भागातील डॉक्टरांना स्थानिक सापांची ओळख असणे अगत्याचे ठरते.

विंचूदंश : तज्ञाचे ज्ञान खेड्यातच निर्माण होऊन सर्वदूर जाऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे संशोधन. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी रोग्यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणातून दाखविले आणि प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा वापर रूढ केला. त्यामुळे पूर्वी मोठे असलेले मृत्यूंचे प्रमाण सु. एक टक्क्यापर्यंत खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री हा किताब देण्यात आला. हे औषध तोंडाने देता येते व स्वस्त आहे. त्यामुळे दगडाधोंड्यांच्या माळावर वस्ती करणाऱ्या मजुरांना त्याचा लाभ साध्या दवाखान्यातही मिळू शकतो.

बिबट्याचे हल्ले : जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांचा समावेश होतो. दाट व उंच उसात बिबट्याला आडोसा, पाणी आणि कुत्री, डुकरे, शेळ्या यांसारखे भक्ष्य मिळते. मादी तेथेच पिलांना जन्म देते. २००१ ते २००३ या काळात माणसांवरील हल्ल्यांत एकाएकी वाढ झाली. वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी वनखात्याच्या साहाय्याने या वाढीचा अभ्यास केला. बिबटे पकडून इतरत्र जंगलात सोडण्याची मोठी मोहीम सुरू होण्यापूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत. नंतर हे प्रमाण ३२५ टक्क्यांनी वाढले आणि प्राणघातक हल्ल्यांचा वाटा १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेला, असे त्यांना आढळले. लोकांच्या समाधानासाठी योजलेला उपायच धोका वाढवीत होता, हा निष्कर्ष वनव्यवस्थापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. पशुवैद्य अनिरुद्ध बेलसरे यांच्यासमवेत अत्रेय यांनी तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे २००७ साली प्रसिद्ध झाली. माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्रात वनखाते व वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था जखमी व पकडलेल्या बिबट्यांची देखभाल करतात.

तोड सुरू होताच बिबट्यांचा आडोसा नाहीसा होतो आणि नेमक्या त्याच वेळी मजुरांची मुले शेताच्या बांधावर असतात. बसलेले अथवा वाकलेले माणूस उंचीने लहान दिसते, म्हणून ते हल्ल्यास अधिक बळी पडते. मुलांना उसाच्या कडेला एकटे न ठेवणे, झोपताना त्यांना मध्ये घेणे, अंधारात शौचास जाताना सोबत व विजेरी घेणे, बोलत किंवा आवाज करीत चालणे, कोपी उसापासून दूर मोकळ्या जागी उभारणे आणि मांस-कचरा टाकून कुत्री न जमविणे, या गोष्टी त्यामुळे शिकवाव्या लागतात. तोडीत बिबट्याची पिले सापडल्यास त्यांना हात न लावता काम थांबवून वनखात्यास कळवावे. पशुवैद्य पिलांची तपासणी करतात व सायंकाळी त्यांना त्याच जागी ठेवतात. बहुधा मादी रात्री येऊन ती घेऊन जाते. पिले दूर नेल्यास त्यांच्या शोधात फिरणारी मादी लगतच्या वस्तीस धोकादायक ठरू शकते. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. २०२४ व २०२५ या वर्षांतही या वनविभागात लहान मुलांसह काही व्यक्ती बिबट्याच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडल्या.

स्त्रिया व मुले : जड मोळ्या वाहणे, गरोदरपणातील श्रम, पाण्याची व शौचालयाची गैरसोय यांमुळे ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांत रक्तक्षय व मूत्रमार्गाचे विकार यांचा धोका अधिक असतो. बीड जिल्ह्यातील अशा अनेक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्यात आल्याचे उघडकीस आल्यावर २०१९ साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. या प्रकरणाने एक गोष्ट अधोरेखित झाली : अपुऱ्या माहितीवर घेतलेला वैद्यकीय निर्णय आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकतो. कोणती तक्रार औषधाने बरी होते, शस्त्रक्रिया केव्हा खरोखर आवश्यक असते व दुसऱ्या डॉक्टरचे मत का घ्यावे, हे निःस्वार्थपणे सांगणारा जाणकार येथे औषधाइतकाच उपयोगी पडतो. मुलांच्या बाबतीत माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर बाळगणे व वस्तीवर पोहोचताच गावातील आशा कार्यकर्तीस कळविणे, या दोन गोष्टींनी लसीकरणातील खंड टाळता येतो.

पद्धती व मर्यादा : अनुभवाने या कार्याचे काही नियम सिद्ध झाले आहेत. शिक्षण हंगामाच्या आरंभीच व कामाची वेळ सोडून, शक्यतो सायंकाळी कोपीवर जाऊन द्यावे. मुकादम, गाडीवान व ट्रॅक्टरचालक यांना प्रथम शिकवावे, कारण आणीबाणीत वाहन व परवानगी त्यांच्याच हाती असते. भाषण थोडके, चित्रांसह व श्रोत्यांच्या बोलीत असावे. त्यांच्या समजुतींची हेटाळणी करू नये. वस्तीवरील एखाद्या स्त्रीस प्रथमोपचारात तरबेज करणे अधिक टिकाऊ ठरते. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करून हे तत्त्व सिद्ध केले होते.

या स्वयंसेवेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. कामगारांच्या टोळ्या दरवर्षी बदलतात, त्यामुळे शिकवण प्रत्येक हंगामात नव्याने द्यावी लागते. एका व्यक्तीच्या उत्साहावर चाललेले कार्य तिच्यानंतर खंडित होण्याची भीती असते. प्रतिविषाचा साठा, कृत्रिम श्वसनयंत्रे, रुग्णवाहिका, सुरक्षित निवारा व आजारपणातील कपातीपासून संरक्षण या गोष्टी तज्ञ पुरवू शकत नाहीत. त्या शासन व कारखाने यांच्या कर्तव्याचा भाग आहेत. दवाखान्यात प्रतिविष नसेल, तर वेळेवर पोहोचण्याचे शिक्षण निष्फळ ठरते. आणि प्रतिविष असूनही रोगी मांत्रिकाकडे गेला, तर साठा निरुपयोगी ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पविषबाधेचा समावेश उपेक्षित उष्ण कटिबंधीय रोगांच्या अग्रक्रमाच्या यादीत केला व २०३० पर्यंत तिच्यामुळे होणारे मृत्यू आणि अपंगत्व निम्म्याने घटविण्याचे उद्दिष्ट ठेवले. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मृत्यू पावली, असा एका व्यापक अभ्यासाचा अंदाज आहे; त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये याविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. जुन्नर व आंबेगाव येथील अनुभवावरून असे दिसते, की अशा आराखड्याचे यश राजधानीतील निर्णयाइतकेच, रात्री कोपीत निजलेल्या नवख्या कुटुंबाला मण्यारीचे लक्षण ओळखता येते किंवा नाही, यावर अवलंबून राहील.