डोळ्यातील जमाखर्च

नेत्रदानाचा संकल्प करणाऱ्या कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो: दान केलेला डोळा अंध व्यक्तीला जसाच्या तसा बसवतात काय? तसे होत नाही. बसवले जाते ते डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटल, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. मागच्या भिंतीवरील दृष्टिपटल, म्हणजेच रेटिना, बदलता येत नाही. तेथून मेंदूकडे सुमारे दहा लाख मज्जातंतू जातात आणि एकदा तुटलेले ते तंतू पुन्हा जोडण्याची विद्या वैद्यकाला अद्याप साधलेली नाही. म्हणून ज्यांचे दृष्टिपटलच निकामी झाले, त्यांच्यासाठी नेत्रपेढीत उपाय नाही. तो शोधणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ई. जे. चिचिल्निस्की यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे मूळ शिक्षण गणिताचे. मेंदूविज्ञानाकडे ते नंतर वळले.

डोळा हा कॅमेरा आहे, असे शाळेत शिकवले जाते. ते अर्धेच खरे. दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या दहा कोटींहून अधिक पेशी असतात, तर मेंदूकडे जाणारे तंतू केवळ दहा लाखांच्या घरात. म्हणजे डोळा चित्र पाठवीत नाही. चित्राचा हिशेब काढून त्याचा सारांश पाठवतो. हे काम गॅंग्लियन नावाच्या पेशी करतात. त्यांचे वीसएक प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार संपूर्ण दृश्याची आपापली वही लिहितो. काही पेशी उजेड वाढला की संदेश देतात, काही तो घटला की. एकीकडे जमा, दुसरीकडे नावे.

हा पत्रव्यवहार वाचण्यासाठी चिचिल्निस्की यांना साहाय्य मिळाले ते कणभौतिकीचे अभ्यासक ॲलन लिट्के यांचे. अणूहून सूक्ष्म कणांचा माग काढणाऱ्या यंत्रांतील तंत्र त्यांनी दृष्टिपटलाकडे वळवले. सुमारे दोन मिलिमीटर लांबीच्या पट्टीवर 512 विद्युत्-अग्रे बसवून त्यावर दृष्टिपटलाचा जिवंत तुकडा ठेवला, की शेकडो पेशींचे संदेश एकाच वेळी नोंदले जातात. 2010 साली याच पद्धतीने, कोणती गॅंग्लियन पेशी प्रकाश टिपणाऱ्या नेमक्या कोणत्या शंकुपेशींकडून माहिती घेते, याचा नकाशा प्रसिद्ध झाला.

या तपशिलाचे मोल रुग्णाच्या बाजूने पाहिले की कळते. रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या रोगात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात. गॅंग्लियन पेशी मात्र पुष्कळशा टिकून राहतात. दुकान बंद पडले, पण मुनीम जागेवर आहे. 2013 साली अमेरिकेत परवानगी मिळालेल्या ‘आर्गस-2’ या कृत्रिम दृष्टिपटलाने विजेच्या धक्क्याने या मुनिमालाच हाक दिली. त्यात अग्रे होती 60. रुग्णांना प्रकाशाचे ठिपके आणि मोठ्या वस्तूंच्या कडा जाणवल्या; चेहरा ओळखता आला नाही. कारण एका अग्राच्या धक्क्याने जमेच्या व नावेच्या अनेक पेशी एकदम चेतवल्या जात. दोन्ही बाजूंना एकच रक्कम लिहिली, तर त्या वहीतून काय कळणार? चिचिल्निस्की यांचा आग्रह म्हणूनच वेगळा आहे: उपकरणाने आधी ऐकावे, कोणती पेशी कोणत्या प्रकारची ते ओळखावे आणि मगच एकेकीशी तिच्या भाषेत बोलावे.

हे संशोधन बव्हंशी मकाक माकडांच्या दृष्टिपटलांवर झाले आहे. बारीक अक्षर वाचण्यासाठी डोळ्यात जी मध्यवर्ती जागा लागते, ती उंदरांत नसते, माकडांत असते. हे डोळे अन्य प्रयोगशाळांत इतर प्रयोगांसाठी वापरलेल्या माकडांकडून, त्यांच्या अखेरीस घेतलेले असतात. तरीही जीवदया मानणारा वाचक येथे अडखळेल, आणि अडखळणे योग्यच आहे. त्याच प्रयोगशाळेने मेंदूमृत दात्यांच्या डोळ्यांवरही काम केले आणि माणसाचे दृष्टिपटल पुष्कळ अंशी माकडाप्रमाणेच चालते, असे त्यात दिसले. कॉर्निया काही दिवस जपून ठेवता येतो. दृष्टिपटलाला तेवढी सवड नसते. त्यामुळे अशा दानासाठी कुटुंबाचा होकार दुःखाच्या ऐन वेळी, तातडीने मिळावा लागतो.

काढून घेतलेल्या दृष्टिपटलात एकच पेशी निवडून चेतवणे आता जमले आहे, पण प्रत्येक ठिकाणी नाही. दूरच्या पेशींचे तंतू अग्राजवळून जात असतात आणि हाक एकीला मारली तरी ‘ओ’ दुसरीच देते. सध्याची खटपट या तंतूंना वगळून बोलण्याची आहे.