परकें माप आणि आपलें मन

मानसशास्त्राचीं पुस्तकें घरोघर आलीं, तशीं मुलांस पारखण्याचीं नवीं मापेंहि आमच्या हातीं आलीं. जें मूल वडील माणसांच्या विचारानें चालतें, तें परावलंबी ठरूं लागलें. पण मापच परकें असेल तर? हाच प्रश्न फिलिपाइन्समध्यें विर्जिलिओ एन्रिकेझ यांनीं विचारला. अमेरिकेंत मानसशास्त्राचें उच्च शिक्षण घेऊन ते १९७१ सालीं मायदेशीं परतले, आणि १९७५ सालीं तेथें फिलिपिनो मानसशास्त्राची पहिली राष्ट्रीय परिषद भरली.

त्यांच्या विचाराचें मूळ ‘काप्वा’ या शब्दांत आहे. ‘दुसरा’ म्हटलें कीं ‘मी’ वेगळा पडतो. ‘काप्वा’ म्हटलें कीं दोघेहि त्यांत येतात. ‘हिया’ या भावनेस परकीय पंडितांनीं नुसती लज्जा म्हटलें. एन्रिकेझ यांस तींत औचित्याची जाण दिसली. शोधाची रीतहि निराळी. छापील प्रश्नावली पुढें न करतां संशोधकानें लोकांत मिसळावें, सहज विचारपूस करावी, आणि त्यांनीं उलट विचारल्यास आपणहि उत्तर द्यावें.

यावरून आपल्या घरांतलें सारेंच चांगलें, असें मात्र कोणीं समजूं नये. एकत्र कुटुंबांत सुनेचें मन कितीदां विचारलें जातें? मूल मोठ्यांकडे पाहून बोलतें, तें भीतीनें कीं जिव्हाळ्यानें, हें कोणतेंहि पुस्तक सांगणार नाहीं. त्याच्याजवळ बसून आम्हांसच विचारावें लागेल. आणि त्यानें उलट विचारलें, तर रागें न भरतां उत्तरहि द्यावें लागेल.