डिस्प्रॅक्सिया : मोठेपणी मदत आणि सोबत कशी मिळवावी?

दाभणात सुतळी ओवून सोयाबीनच्या पोत्याचं तोंड शिवायचं, हे काम बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यात लहानथोर सगळे करतात. पण एखाद्याला तिशी उलटली तरी ते जमत नाही. टाके वाकडे पडतात, सुतळी गुंतते आणि शेजारचा पोतं ओढून घेत म्हणतो, "राहू दे, तुला नाही जमायचं." त्याच माणसाला मोटारसायकलचा क्लच आणि गिअर एकदम सांभाळता येत नाहीत, चहा ओतताना सांडतो, ऐन वेळी डावं-उजवं चुकतं.

लहानपणापासून असंच चालत आलं असेल, तर त्यामागे डिस्प्रॅक्सिया असू शकतो. काय करायचं ते कळत असतं, हातापायांत ताकदही असते. पण हालचालींचा क्रम जुळवून त्या वेळेवर करणं मेंदूला अवघड जातं. याचा हुशारीशी संबंध नाही. शाळकरी वयात साधारण ५ ते ६ टक्के मुलांना हा त्रास असतो, म्हणजे ४० मुलांच्या वर्गात दोघांना. त्यांतल्या अनेकांना तो मोठेपणीही राहतो. तेव्हा आपल्यासारखं आणखी कुणी पंचक्रोशीत असणारच. तिथपर्यंत कसं पोहोचायचं, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी : नोंद. आठवडाभर कुठलं काम अडलं, किती वेळ लागला, ते टिपून ठेवा. लिहिणंच जड जात असेल तर मोबाइलवर बोलून ठेवा. बटणं लावणं, सायकल शिकणं लहानपणी कसं झालं, हे आईला किंवा मोठ्या भावंडांना विचारा. बरेच जण इथे "मी धांदरटच आहे" एवढंच सांगतात. त्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. त्यांना प्रसंग सांगावे लागतात.

दुसरी पायरी : तपासणी. हातातून वस्तू पडणं, तोल जाणं अलीकडेच किंवा अचानक सुरू झालं असेल, तर तो डिस्प्रॅक्सिया नव्हे. लगेच दवाखाना गाठा. त्रास जुना असला तरी नजर, मज्जातंतू आणि बी-१२ जीवनसत्त्व एकदा तपासून घ्यावं. त्यानंतर गाठायचा तो व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून पद्धत, साधनं आणि सराव बदलून देणारा माणूस. या शास्त्राचं देशातलं पहिलं विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळतं. आपण आधी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी आणि तिथून पुढची चिठ्ठी मागावी. जिथे जायचं तिथे "मोठ्या माणसांना तपासता का?" असं फोनवर आधी विचारा. अनेक ठिकाणी फक्त मुलांनाच तपासतात आणि एसटीचा हेलपाटा वाया जातो. डिस्प्रॅक्सिया पूर्ण बरा करणारं औषध नाही. तसं सांगून कुणी बाटल्या विकत असेल तर पैसे घालवू नका.

तिसरी पायरी : दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, हवं असेल तरच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या परिशिष्टात डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे. तो 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या गटात येतो. वाचन-लेखन-गणितातल्या अडचणींचा हा गट. प्रमाणपत्रासाठी अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो. त्यासाठीच्या तपासणीला शाळेची जुनी कागदपत्रं आणि पहिल्या पायरीची नोंद सोबत न्या, कारण ही व्यवस्था मुख्यतः शाळकरी मुलांसाठी बसवलेली आहे. नोकरीतल्या आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. नुसत्या निदानाने ते मिळत नाही. कागद मिळेपर्यंत पुढच्या पायऱ्या मात्र अडवून ठेवू नका.

चौथी पायरी : घरातलं एक माणूस. सगळ्यांना समजावत बसण्यापेक्षा एकाला नेमकी मदत मागा. पोतं शिवायला शिकायचं असेल तर शिकवणाऱ्याला समोर नको, शेजारी बसवा. समोरून पाहिलं की डावं-उजवं उलटं दिसतं. आधी रिकामं पोतं घ्या. पहिल्या दिवशी फक्त दाभण आत घालायची आणि पलीकडून ओढायची. ते हातात बसलं की दोन टाक्यांमधलं अंतर खडूच्या खुणांनी ठरवा. वेग शेवटी. काम हातातून काढून घ्यायचं नाही, हे त्या माणसाकडून आधीच कबूल करून घ्या.

पाचवी पायरी : आपल्यासारखा दुसरा. तज्ज्ञ आपल्याला इतरांचे नंबर देणार नाहीत, ते योग्यच आहे. उलट आपलाच नंबर त्यांच्याकडे ठेवा आणि "कुणाला बोलायचं असेल तर द्या" असं सांगा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांमार्फत पालकांपर्यंतही असाच निरोप पाठवता येतो. आपल्या मुलाचं मोठेपणी कसं होईल, या काळजीत असलेल्या पालकांना आपला अनुभव मोलाचा वाटेल.

सहावी पायरी : बैठक. अशा मंडळाला स्वमदत गट म्हणतात, म्हणजे एकाच अडचणीतल्या माणसांनी एकमेकांना दिलेला आधार. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ याच रीतीने चालतं. सुरुवातीला तिघे पुरेत. गावात चर्चा होईल अशी धास्ती असेल तर मेहकर किंवा चिखलीला भेटा. प्रत्येकाने एक अडलेलं आणि एक जमलेलं काम सांगावं, मधे कुणी तोडू नये, विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये, ऐकलेलं बाहेर नेऊ नये. गट मोडतात ते बहुधा एकच जण सारखा बोलतो म्हणून, किंवा पुढची तारीख न ठरवता सगळे उठतात म्हणून. वेळा चुकणं हाही या त्रासाचाच भाग असतो. तेव्हा आदल्या दिवशी फोन करायचं काम एकाकडे सोपवा आणि उशिरा येणाऱ्याला बोल लावू नका.

वर्षानुवर्षं टोमणे ऐकून मन खचलं असेल, झोप उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर बैठकीची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येतं आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

तपासणीला महिने लागतील, कागदाला त्याहून जास्त. सोबतीला मात्र कुणाची मंजुरी लागत नाही. पहिल्या बैठकीला एकच माणूस आला तरी ती बैठक झाली असं समजा आणि त्याच्याबरोबर पुढची तारीख ठरवा.